पन्हळ उंच, पत्रा पातळ: तालुक्यात रोल होणारा पत्रा घेताना काटा का लावायचा?

रोलर मशीन पत्र्याला आकार देतं, ताठपणा देतं. पण लोखंड वाढवत नाही. गिऱ्हाईक मात्र रंग आणि फुटाचा भाव बघून पैसे मोजतं. वळवाचा वारा सुटला की हा फरक छपरावर दिसतो.

एप्रिल-मे म्हणजे गावोगावी छपराचं काम. कुठे गोठा, कुठे कांदाचाळ, कुठे पोल्ट्रीची शेड, तर कुठे घरकुलापुढचा ओसरीवजा पत्रा. पाऊस येण्याआधी सगळ्यांनाच घाई असते. त्याच दिवसांत वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो आणि 'पत्रे उडाले' ही बातमी जवळपास प्रत्येक तालुक्यातून येते. पत्रा उडाला की दोष वाऱ्याला दिला जातो. वारा जोराचा असतोच. पण एकाच गल्लीत एकाचं छप्पर जातं आणि शेजारच्याचं राहतं, तेव्हा वाऱ्यापलीकडेही काही बघावं लागतं. पत्रा किती जाडीचा होता, त्यावर मुलामा किती होता आणि तो कशाने, किती ठिकाणी धरला होता, या तीन गोष्टी त्यात येतात. यातली पहिली गोष्ट गिऱ्हाइकाच्या नजरेतून हमखास सुटते, कारण रोलरने दिलेली पन्हळ ती झाकून टाकते.

पत्रा आता तालुक्यातच रोल होतो

पूर्वी पन्हळी पत्रा कारखान्यातून तयार होऊन यायचा. ८, १०, १२ फूट अशा ठरलेल्या लांबीत. पाखं १५ फुटांचं असेल तर जोड द्यावाच लागे, आणि जोड आला की गळती आली. आता जिल्ह्याच्या एमआयडीसीत आणि बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी पत्रा रोल करणारी मशीन आली आहेत. दुकानदार रंगीत पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, विकत आणतो आणि गिऱ्हाइकाच्या मापाने लांबी कापून देतो.

मशीनचं काम समजायला सोपं आहे. एका टोकाला कॉइल फिरकीवर चढवतात. सपाट पत्रा वर-खाली बसवलेल्या रोलरच्या जोड्यांमधून पुढे सरकतो. अशा जोड्या एकापाठोपाठ एक, डझनभर किंवा जास्त असतात. प्रत्येक जोडी पत्रा थोडासाच वाकवते. एकाच फटक्यात पूर्ण पन्हळ काढायला गेलं तर रंग तडकतो आणि पत्रा सुरकुततो किंवा फाटतो. शेवटच्या जोडीतून पूर्ण पन्हळ बाहेर पडते आणि हायड्रॉलिक कातर हव्या त्या लांबीला कापते.

याचा फायदा खरा आहे. आढ्यापासून पागोळीपर्यंत एकसंध पत्रा मिळतो, तुकडे वाया जात नाहीत, गाडीभाडं वाचतं आणि त्याच दिवशी माल घरी येतो. पण व्यवहारात एक गोष्ट बदलली, तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही. पूर्वी तयार पत्र्यावर कारखान्याचा शिक्का असायचा. आता कारखाना कॉइल बनवतो आणि पत्रा तालुक्यातलं मशीन बनवतं. कॉइलवरचा टॅग दुकानातच राहतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी नुसता रंग पोचतो.

पन्हळीची ताकद कुठून येते?

वहीचं पान दोन वाट्यांवर आडवं ठेवलं तर मधे लोंबतं. त्याच पानाच्या पंख्यासारख्या घड्या घालून ठेवलं तर वर खोडरबर, पेन, काहीही ठेवा, तोलून धरतं. कागद तोच आणि जाडीही तीच. फरक आला तो उंचीमुळे. घडीचा माथा आणि तळ एकमेकांपासून लांब गेले की वाकवायला जोर जास्त लागतो.

घरातल्या वस्तूंवरही हेच दिसतं. १५ किलोच्या तेलाच्या डब्याच्या बाजूंना दाबलेल्या रेघा असतात. २०० लिटरच्या पिंपाला दोन फुगीर कडी असतात. पत्रेवाला धान्याची कोठी बनवतो तेव्हा हाताने फिरवायच्या छोट्या रोलर मशीनवर तिच्या अंगाला गोल नळ्या काढतो. त्या नळ्या नसतील तर दोन-चार पोती धान्य भरल्यावर कोठीचं पोट सुटेल. एवढ्या साध्या युक्तीवर पातळ पत्रा मोठं ओझं पेलतो.

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ मध्ये पन्हळी लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. पुढे रोलर आले, जस्ताचा मुलामा आला आणि हा पत्रा जगभर पसरला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर पत्र्याची जाडी दुप्पट केली की पन्हळी पत्र्याचा ताठपणा साधारण दुप्पट होतो. पन्हळीची उंची दुप्पट केली तर तो साधारण चौपट होतो. म्हणजे लोखंड न वाढवता, नुसत्या आकाराने, पत्रा कणखर करता येतो. विज्ञान म्हणून यात काही खोट नाही. पण बाजारात याचा दुसरा अर्थ निघतो. पन्हळ उंच काढली की पातळ पत्राही हाताला टणक लागतो. दुकानात पत्रा उचलून, हलवून, टिचकी मारून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ०.४० आणि ०.५० मिलिमीटरमधला फरक कळत नाही.

रोलर पत्र्याला दोनदा भेटतो

तालुक्यातला रोलर हा पत्र्याला भेटणारा दुसरा रोलर. पहिला भेटतो पोलादाच्या कारखान्यात. तिथे दोन-अडीच मिलिमीटरची पट्टी थंड अवस्थेतच प्रचंड दाबाच्या रोलरखालून पुन्हा पुन्हा काढून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ करतात. या चेपण्याने पोलाद कडक होतं. साधी तार दोन-चार वेळा वाकवली की ती जागा कडक लागते, तसंच. मग ते पोलाद भट्टीत नीट तापवलं तर पुन्हा मऊ होतं. कमी तापवलं तर कडकच राहतं.

म्हणून बाजारात दोन जातींचा पत्रा मिळतो. मऊ पोलादाची ताकद दर चौरस मिलिमीटरला २५ किलोच्या आसपास असते. कडक जातीची साधारण ५६ किलो, म्हणजे दुपटीहून जास्त. कागदावर ती '५५० एमपीए' अशी लिहिलेली असते. छपराच्या चांगल्या रंगीत पत्र्यात आज ही कडक जात बरीच चालते. ती कडक असल्यामुळे पातळ पत्रा वापरणं शक्य झालं. पण तार दोन-चार वेळा वाकवली की कडक होते, तशी आणखी वाकवत राहिलं की तटकन तुटते. कडक पोलादाचा हा दुसरा गुण वाऱ्याच्या वेळी आड येतो. त्याचा अनुभव एका शहराने महागात घेतला, तो पुढे येईल.

या वाशिंद, तारापूर, खोपोली, कळमेश्वर अशा आपल्याच राज्यातल्या गावांच्या कारखान्यांमध्ये पत्र्याला मुलामा आणि रंग चढतो. तिथे प्रत्येक कॉइलची जाडी, जात, मुलामा आणि वजन लिहिलेलं असतं. ही सगळी माहिती टॅगवर असते. खेड्यातल्या गिऱ्हाइकापर्यंत ती येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

वजन खोटं बोलत नाही

तालुक्यातलं मशीन पत्रा वाकवतं, त्यात लोखंड घालत नाही आणि काढतही नाही. म्हणून रोल होण्याआधी कॉइलच्या एका फुटाचं जे वजन, तेच रोल झाल्यावर पन्हळी पत्र्याच्या एका फुटाचं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचं पोलाद ७.८५ किलो भरतं. छपराच्या पत्र्याची कॉइल साधारणपणे १२२० मिलिमीटर, म्हणजे ४ फूट रुंदीची असते. पन्हळ काढल्यावर ती रुंदी साडेतीन फुटांच्या आत येते. यावरून १० फुटी पत्र्याचं वजन असं निघतं:

- जाडी ०.५० मिमी: सुमारे १४.६ किलो
- जाडी ०.४५ मिमी: सुमारे १३.१ किलो
- जाडी ०.४० मिमी: सुमारे ११.७ किलो
- जाडी ०.३५ मिमी: सुमारे १०.२ किलो

हे आकडे निव्वळ पोलादाच्या जाडीचे आहेत. रंगाचा पत्रा घेताना एक मेख लक्षात ठेवावी लागते. '०.५०' ही जाडी रंग आणि मुलामा धरून आहे की निव्वळ पोलादाची? सगळं धरून असेल तर आत पोलाद ०.४३ ते ०.४५ च्या आसपासच निघतं. दोन्ही पद्धती बाजारात चालतात. ०.५० सांगून पोलाद ०.४४ निघालं तर ती बोलण्यातली सोय झाली, ०.३५ निघालं तर ती सरळ फसवणूक.

कॉइलची रुंदी माहीत नसेल तर सोपा उपाय आहे. दोरा घ्यावा, पत्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माथा-खोलगा असा अंगाला चिकटवत न्यावा आणि मग दोरा सरळ करून मोजावा. तीच मूळ रुंदी. ती ४ फुटांपेक्षा कमी भरली तर वजन त्याच प्रमाणात कमी धरावं.

'गेज'वर मात्र व्यवहार करू नये. २६ गेज म्हटलं की जुन्या ब्रिटिश मापाने ०.४६ मिलिमीटरच्या आसपास आणि अमेरिकेतल्या मुलाम्याच्या पत्र्याच्या मापाने ०.५५ मिलिमीटर. एकाच शब्दात इतका फरक असेल तर भांडणात कुणाचं खरं धरायचं? मिलिमीटर आणि किलो, या दोनच भाषा बिलावर असाव्यात.

पैशाचा हिशेब

मध्यम घराच्या छपराला १२ फुटी २० पत्रे लागतात असं धरू. ०.५० चा पत्रा असेल तर एकूण वजन साधारण ३५० किलो. ०.४० चा असेल तर २८०. फरक ७० किलोचा. भाव रोज बदलतो, पण हिशेबापुरता किलोला ८५ रुपये धरला तरी जवळपास ६ हजार रुपये होतात. ०.५० चे पैसे घेऊन ०.४० चा पत्रा गेला, तर गिऱ्हाइकाच्या खिशातून एवढी रक्कम न दिसता जाते. फुटाने विकल्या जाणाऱ्या मालात ही तूट दिसत नाही, कारण फूट बरोबरच भरतो.

पातळ पत्रा विकणं हा गुन्हा नाही. गुरांच्या चाऱ्यावर तात्पुरतं आच्छादन करायचं असेल तर ०.३५ चालेल. पातळ आहे असं सांगून, पातळाच्या भावाने विकला तर तक्रार नाही. अडचण येते ती नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा असेल तेव्हा.

दुकानदाराच्या बाजूनेही बघायला हवं. त्याच्यावर भावाचा दाब असतो. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या सपाट पोलादी मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. देशातल्या कारखान्यांना आधार मिळावा हा हेतू होता. पण आयात रोखली की कॉइलच्या भावाला खालून टेकू मिळतो. कॉइलवर १८ टक्के जीएसटी असतोच. कॉइल महागली की तालुक्यातल्या दुकानदारापुढे दोन वाटा असतात: फुटाचा भाव वाढवायचा किंवा तोच भाव ठेवून जाडी उतरवायची. शेजारचं दुकान भाव वाढवत नसेल तर दुसऱ्या वाटेचा मोह मोठा. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत हलका होतो, तसा पत्राही होतो. फरक एवढाच की बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलेलं असतं. प्रामाणिकपणे जाड माल देणारा दुकानदार यात 'महाग' ठरतो आणि गिऱ्हाईक त्याच्या दारातून परत जातं. म्हणून वजनाने व्यवहार होणं हे गिऱ्हाइकाइतकंच चांगल्या दुकानदाराच्याही फायद्याचं आहे.

वारा पत्र्याला ढकलत नाही, उपसतो

कौलारू छप्पर चौरस मीटरला ३५-४० किलोच्या घरात भरतं. पन्हळी पत्रा जेमतेम ४ किलो. म्हणून वारा सुटला की कौलं एकेक करून सरकतात, पत्रा मात्र अख्खा उचलला जातो. वारा छपरावरून वेगाने जाताना वरच्या बाजूला ओढ तयार होते. शेड एका बाजूने उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो.

इंजिनिअरांच्या हिशेबाने ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो येतो. साडेतीन बाय १० फुटांच्या एका पत्र्यावर हा जोर दीडशे किलोच्या पुढे जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन १२ ते १५ किलो. म्हणजे पत्रा ०.५० चा असो की ०.४०, तो स्वतःच्या वजनाने टिकत नाही. स्क्रू आणि हूक त्याला धरून ठेवतात. दीडशे किलोचा जोर २० स्क्रूंवर वाटला तर एकेकाला ७-८ किलो. सहाच हुकांवर आला तर एकेकाला २५ किलो. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी ही ओढ सरासरीपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून छप्पर उडायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.

जाडी इथे पुन्हा आडवी येते. स्क्रू लाकडातून किंवा पाइपातून निघाला नाही, तरी पातळ पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून वर निघून जातो. पाइप आणि स्क्रू जागेवर, पत्रा गायब, असं चित्र दिसलं तर समजावं की पत्र्यानेच हार मानली. पन्हळीने दिलेला ताठपणा इथे उपयोगाचा नाही. स्क्रूच्या भोकापाशी जेवढं लोखंड आहे तेवढीच ताकद.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने हा धडा घेतला. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे 'ट्रेसी' चक्रीवादळाने तिथली बहुतेक घरं मोडली. छपरं कडक पोलादाच्या पातळ पन्हळी पत्र्याची होती. तपासात दिसलं की पत्रे एका झटक्यात गेले नव्हते. वाऱ्याच्या झोतासरशी पत्रा वर-खाली हलत राहिला, स्क्रूभोवती बारीक तडे गेले, ते वाढले आणि मग पत्रा सुटला. तार वाकवून तोडण्यासारखाच प्रकार. त्यानंतर तिथे वादळी भागातल्या छपराचे नियम बदलले. पत्रा एकदाच ओढून नाही, तर हजारो वेळा हलवून तपासायचा असं ठरलं, आणि स्क्रूखाली रुंद वॉशर आले.

आपल्याकडे ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात हजारो घरांची छपरं गेली. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते'ने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तोच अनुभव दिला. घाटावर चक्रीवादळ येत नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुणे आणि नाशिकसाठी ३९ मीटर असा वाऱ्याचा वेग धरायला सांगितलं आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. गोठा बांधणारा मिस्त्री हे पुस्तक वाचत नाही, पण वारा त्याच हिशेबाने येतो.

खालच्या पाइपांमधलं अंतरही यात धरायला हवं. एक पाइप वाचवायचा म्हणून अंतर ४ फुटांवरून ५ फुटांवर नेलं, तर पत्र्याचा वाक जवळपास अडीच पट होतो. पत्रा जितका वाकेल-हलेल, तितका स्क्रूपाशी झिजेल.

रंग वर, खरं रक्षण खाली

गिऱ्हाईक रंग निवडायला अर्धा तास घालवतं आणि मुलाम्याबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. गंज अडवतो तो मुख्यतः रंगाखालचा जस्ताचा किंवा अॅल्युमिनियम-जस्ताचा थर. तो 'जीएसएम'मध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असा सांगतात. १२० जीएसएम जस्त म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम. एका बाजूचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम आठ पट. २७५ जीएसएमचा थर त्याच्या दुपटीहून जास्त. खारं वारं असलेल्या किनारपट्टीवर हलक्या मुलाम्याचा पत्रा घेणं म्हणजे काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा करणं.

गोठ्याचं वेगळं सांगायला हवं. शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया पत्र्याला आतून खातो. अॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याला ही हवा विशेष मानवत नाही आणि कंपन्यांच्या हमीपत्रात गोठे, पोल्ट्री अशा जागा बहुधा वगळलेल्या असतात. म्हणून 'वीस वर्षांची गॅरंटी' ऐकून गोठ्यावर पत्रा टाकण्याआधी ती गॅरंटी गोठ्याला लागू आहे का, हे विचारावं. जागेवर पत्रा कापताना ग्राइंडर चालवू नये. ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि लोखंडाचे कण रंगात रुतून तिथे गंज धरतो. कातर वापरावी आणि भोकं पाडल्यावरचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा.

विकत घेताना काय करायचं?

- पत्रा रोल होण्याआधी कॉइल बघावी. टॅगचा मोबाइलवर फोटो काढावा. त्यावर कंपनी, जाडी, जात, मुलामा आणि आयएसआय खूण असते.
- साध्या मुलाम्याच्या पत्र्यासाठी आयएस २७७, जस्तावर रंग असलेल्यासाठी आयएस १४२४६ आणि अॅल्युमिनियम-जस्तावर रंग असलेल्यासाठी आयएस १५९६५ हे मानक आहे. खुणेसोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं.
- '०.५०' सांगितलं की लगेच विचारावं: रंगासकट की निव्वळ पोलाद?
- रोल झालेले पत्रे गाडीत भरण्याआधी काट्यावर घ्यावेत. एक पत्रा नको, सगळी थप्पी घ्यावी आणि एकूण फुटांनी भागावं. मानकात थोडी कमी-जास्त चालते, पण पाचव्या भागाची तूट त्यात बसत नाही.
- बिल पक्कं घ्यावं. त्यावर फूट आणि रंग एवढंच नको. जाडी, मुलामा, जात आणि किलोत वजन लिहून घ्यावं.
- रबरी वॉशरचे चांगले स्क्रू घ्यावेत. पागोळी, आढं आणि दोन्ही कडांना प्रत्येक पन्हळीवर स्क्रू मारावा. रबर चेपून बाहेर येईल इतका आवळू नये.
- दोन पाइपांमधलं अंतर मिस्त्रीच्या सवयीने ठरवू नये. पत्र्याच्या कंपनीचा तक्ता दुकानदाराकडून मागून त्याप्रमाणे घ्यावं.

माप किंवा जाडी कमी निघाली तर आधी बिल आणि वजनाची पावती घेऊन दुकानदाराशी बोलावं. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्ह्याचं वैधमापन कार्यालय आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण कच्च्या चिठ्ठीवर माल घेतलेला असेल तर यातली कुठलीच दारं सहज उघडत नाहीत.

भरपाईवर भिस्त का नको?

छप्पर उडालं की पंचनामा होतो आणि मदत मिळते, असा एक आधार मनात असतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये धरलेले आहेत. त्यातही घराचं नुकसान किमान १५ टक्के असावं लागतं. राज्य सरकार प्रसंगी वाढीव मदत जाहीर करतं, पण त्यावर आधी विसंबता येत नाही. वरच्या उदाहरणातलं २० पत्र्यांचं छप्पर नव्याने घालायचं तर नुसत्या पत्र्यालाच २५-३० हजार रुपये लागतात. घरकुलाचा मूळ हप्ताच सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचा असतो. त्यातला चौथा हिस्सा पुन्हा छपरावर घालण्याची ऐपत किती घरांची आहे?

पैशापेक्षा मोठा धोका वेगळाच. सुटलेला पत्रा पात्यासारखा उडतो. तो विजेच्या तारांवर पडतो, जनावरांवर पडतो, रस्त्यावरच्या माणसावर पडतो. एका घराचा पातळ पत्रा साऱ्या वस्तीचा धोका होतो.

ग्रामपंचायतींना यात करता येण्यासारखं काही आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी गावातच असते. त्यांनी एकत्र मिळून एका दुकानातून, वजनावर, टॅग बघून पत्रा घेतला तर भावही उतरतो आणि फसवणुकीलाही जागा राहत नाही. गृहनिर्माण अभियंता पाया आणि भिंतीचे फोटो अॅपवर चढवतो. त्याच फेरीत छपराचे स्क्रू मोजले आणि बिलावरची जाडी बघितली तर वेगळा खर्च काहीच नाही.

तालुक्यात रोलर मशीन येणं ही चांगलीच गोष्ट आहे. जोड गेले, गळती कमी झाली, गावातल्या पोरांना काम मिळालं. मशीन आपलं काम चोख करतं: दिलेल्या पत्र्यातून जेवढी ताकद काढता येईल तेवढी काढतं. मुळात पत्रा किती जाड द्यायचा, हे मशीन ठरवत नाही. ते दुकानाच्या काउंटरवर ठरतं. कापूस, कांदा, सोयाबीन विकताना शेतकरी काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतो, पाव किलोची तूट सोडत नाही. डोक्यावरचं छप्पर विकत घेतानाही काटा तोच आहे. यंदा पाऊस लागण्याआधी तो एकदा लावून बघावा.